चोवीस हिश्श्यांची जीप

आमच्या घराच्या मागे फणसाखाली अब्बांची जीप नऊ वर्षं उभी होती. महिंद्रा एमएम 540, 1988 सालची, डिझेल, चारही चाकं ओढणारी. 2014 साली अब्बा गेले आणि त्या दिवसापासून तिची किल्ली अम्मींच्या कपाटात पडून राहिली. टपावरचं कापड फाटलं, टायर बसले, मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. कोकणातला पाऊस आणि हर्णैकडून येणारं खारं वारं लोखंडाला किती दिवस सोडणार? पायाखालचा पत्रा इतका कुजला, की वर उभं राहिलं तर खालचा पाचोळा दिसायचा.

2023 च्या मे महिन्यात आमच्या थोरल्याची बारावी झाली आणि तो म्हणाला, "अब्बू, आपण ही घरीच दुरुस्त करू." आम्ही हायस्कुलात उर्दू आणि मराठी शिकवतो. हातात खडू धरायची सवय, पान्याची नाही. तरी हो म्हटलं. त्याला दोन वर्षं झाली. आज जीप चालते आहे. दोन वर्षांत आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते यावेळी वाचकांना सांगायचं आहे. पुष्कळ घरांच्या मागे अशी एखादी गाडी झाडाखाली उभी असते, म्हणून.

सुरुवात आमच्या मते चोख केली. जीप अब्बांच्या नावावर, म्हणजे ती एकट्या आमची नव्हे. वारस तीन: अम्मी, आम्ही आणि आमच्या थोरल्या आपा, ज्या लग्नानंतर मुंब्र्याला असतात. शरियतच्या हिशेबाने अम्मींचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक. चोवीस भाग धरले तर अम्मींचे तीन, आमचे चौदा, आपांचे सात. भंगारवाल्याला बोलावून किंमत विचारली. त्याने लोखंडाचा अंदाज घेतला आणि छत्तीस हजार सांगितले. भागाला दीड हजार. आम्ही अम्मींच्या हातात साडेचार हजार ठेवले, आपांना साडेदहा हजार पाठवले आणि आता जीप आपली झाली म्हणून निश्चिंत झालो. ही गोष्ट इथेच ठेवू. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

कामाला लागलो. गावातले एक जुने मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, दर जुम्याला नमाजनंतर येऊन बघून जायचे. बाकीचे दिवस आम्ही बापलेक. उस्तादांनी पहिला धडा दिला तो असा: काहीही खोलण्याआधी फोटो काढा, आणि निघालेला प्रत्येक नट चिठ्ठीसह डब्यात ठेवा. बिस्किटांचे पत्र्याचे डबे जमवले. चिठ्ठ्या मुलगा मराठीत लिहायचा, आम्ही उर्दूत. उस्तादांना फक्त उर्दू वाचता येतं आणि त्यांच्या हाताखालच्या पोराला फक्त मराठी. शेवटी प्रत्येक डब्यावर दोन्ही चिठ्ठ्या लावल्या. शाळेत दोन भाषा शिकवतो त्याचा एवढा रोकडा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसरा धडा चॅसिस नंबरचा. गाडीची ओळख दोन ठिकाणी कोरलेली असते, चॅसिसवर आणि इंजिनावर. गंज काढायच्या भरात त्या आकड्यांवर ग्राइंडर फिरला, तर गाडी आहे पण तिची ओळख नाही, अशी गत होते. आम्ही तो भाग हाताने, तारेच्या ब्रशने साफ केला, आकडे कागदावर उतरवले, पुस्तकाशी ताडून पाहिले आणि वर ग्रीस लावून ठेवलं.

इंजिन जाम होतं. हे इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचं, चार सिलिंडरचं, 2112 सीसीचं. मिस्त्री लोक त्याला एक्सडीपी म्हणतात. नऊ वर्षं न फिरलेल्या इंजिनाला बॅटरी जोडून स्टार्टर मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात. उस्तादांनी नोझल काढून चारही सिलिंडरांत थोडं थोडं डिझेल आणि ऑइल सोडायला लावलं. चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने पुढेमागे केलं, तेव्हा ते बोटभर सरकलं. मुलगा असा ओरडला की अम्मी घाबरून बाहेर आल्या. पुढे हेड उतरवलं, रिंगा, बेअरिंग, सगळी सीलं बदलली. नोझल आणि पंप मात्र शहरात यंत्रावर तपासून आणावे लागले. ते काम घरी होत नाही आणि करूही नये.

पत्र्याचं काम सर्वांत लांबलं. गंज ही वरून दिसते त्याच्या दुप्पट आत असते. ठोकून पाहायचं: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, हाच खरा उपाय. गंजावर लांबी भरून वरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगा येऊन ती लांबी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटते. वेल्डिंगच्या दिवशी बॅटरी आणि डिझेलची टाकी दोन्ही बाहेर काढून लांब ठेवली, शेजारी वाळूची बादली. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली एकदाही कोणी शिरलं नाही. खाली नेहमी सागाचे ओंडके किंवा लोखंडी घोडे. हा नियम मोडला तर काम त्या दिवसापुरतं बंद, असं ठरवलं होतं.

गाडी आकार घेऊ लागली, तसा मुलाच्या मनातला बेतही आकार घेऊ लागला. त्याला मोठे रुंद टायर हवे होते, गाडी अर्धा फूट उंच हवी होती, पुढे जाड लोखंडी बंपर आणि टपावर एलईडी दिव्यांची पट्टी. आम्ही नाही म्हणालो असतो तर त्याने पाना टाकला असता. म्हणून एकेक गोष्ट उस्तादांसमोर मांडली आणि आम्ही बापलेकांनी मुलांसारखं खाली बसून ऐकलं.

टायर मोठा झाला की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. म्हणजे वेगाचा काटा खरा वेग दाखवत नाही, खरा वेग जास्त असतो. चढावर इंजिन लवकर दमतं, स्टेअरिंग जड होतं आणि तेच ब्रेक तेवढ्याच जोरात दाबले तरी गाडी उशिरा थांबते. गाडी उंच केली की तिचा तोल वर सरकतो. जीप मुळातच आखूड आणि उंच; वळणावर ती आणखी लवकर कलंडते. आणि कायदा तर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला मनाने करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. रंग बदलला तर पुस्तकात नोंद. पुढे लावायच्या लोखंडी गार्डांबद्दल तर केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला कळवलं होतं. कारण धडक बसली की ते गार्ड समोरच्या पायी माणसाला जास्त इजा करतात.

मुलगा हिरमुसला. मग उस्तादांनी त्याला खरी गंमत दाखवली, गिअरच्या शेजारचा छोटा दांडा. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या अमेरिकन विलीस जीपची ही देणगी. ती गाडी आणि तिच्याच आराखड्यावर फोर्डने केलेली मिळून सहा लाखांहून जास्त तयार झाल्या होत्या. दांडा टाकला की मधली पेटी पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांना सारखीच फिरवते. चिखलात, वाळूत हे वरदान. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण दातांवर आणि शाफ्टवर. म्हणून चार चाकांची ताकद नेहमी वापरायची नसते. लो गिअरमध्ये वेग कमी होऊन ओढ जवळजवळ अडीच पट होते. हे कळल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे मोठे टायर नसले तरी ही चढते." चढते.

बोनेटवरच्या "एम अँड एम" या अक्षरांचीही गोष्ट त्याला सांगितली. 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये इथल्या कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अक्षरं तीच राहिली. अब्बा ही गोष्ट जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

आता आमच्या चुका. पहिली 2024 च्या डिसेंबरातली. इंजिन सुरू झालं होतं, पत्रा झाला होता आणि आम्हाला घाई झाली. उस्ताद म्हणत होते की ब्रेकच्या नळ्या आणि मास्टर सिलिंडर बदलल्याशिवाय रंगाला हात लावू नका. आम्ही म्हटलं, पेडल तर घट्ट लागतं आहे. रंगाचा माणूस मोकळा होता, सुट्ट्या होत्या. गाडीला हिरवा रंग दिला. ती इतकी सुंदर दिसू लागली की एका सकाळी मुलाला शेजारी बसवून हर्णैला मासळी आणायला निघालो. नोंदणीची मुदत 2018 सालीच संपलेली, विमा नाही. अशी गाडी रस्त्यावर काढणं हाच गुन्हा होता आणि तो आम्ही, मुलांना शिस्त शिकवणाऱ्यांनी, केला.

आसूदच्या उतारावर दुसऱ्या वळणाला पेडल दाबलं आणि ते सरळ तळाला गेलं. एक जुनी नळी आतून कुजली होती, ती फुटली. आमच्या जीपचा मास्टर सिलिंडर जुन्या धाटणीचा, ऑइलचा मार्ग एकच. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. समोरून एसटी वर चढत होती. आम्ही गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डाव्या बाजूच्या जांभ्याच्या दरडीला घासत नेली. पन्नासेक पावलं घासत जाऊन ती थांबली. मुलाच्या कपाळाला खोक पडली, दोन टाके. सीटबेल्ट तेव्हा लावलेच नव्हते. नवा रंग डाव्या बाजूने पार खरवडून निघाला.

घरी आल्यावर अम्मी आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी किल्ली घेतली आणि पुन्हा कपाटात ठेवली. चारही चाकांचे व्हील सिलिंडर, शू, सगळ्या नळ्या आणि दोन मार्गांचा नवा मास्टर सिलिंडर बसून उस्तादांनी "आता ठीक" म्हणेपर्यंत ती बाहेर आली नाही. हे काम करताना एक काळजी घ्यावी: जुन्या ब्रेक शूच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावं, मुलांना लांब ठेवावं.

दुसरी चूक त्याहून जुनी होती, ती नंतर कळली. मे महिन्यात कागदांचं काम काढलं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पण त्याआधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र. वारसाने हे काम मालकाच्या मृत्यूनंतर लगेच, महिन्यांच्या आत, करायचं असतं. आम्ही अकरा वर्षं लावली होती. सहीसाठी आपा मुंब्र्याहून आल्या. जीपभोवती एक फेरी मारली, अब्बांच्या जागी हात ठेवला, मग ओट्यावर बसून कागद वाचला. संपूर्ण वाचला. आणि विचारलं,

"भंगारवाल्याने वजन केलं, तेव्हा हे पुस्तकही वजनात धरलं होतं का रे?"

आम्हाला आधी कळलंच नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "भंगारात जाणाऱ्या गाडीला माझी सही कशाला लागते? कागद आहेत म्हणून ही गाडी आहे. नाहीतर लोखंड होतं."

तेव्हा आठवलं. आठवलं म्हणणंही पुरतं खरं नाही, आम्ही विसरलो नव्हतो. भंगारवाला येण्याच्या वर्षभर आधी पुण्याचे एक गृहस्थ जुन्या जीपा शोधत आले होते. फणसाखाली उभी होती तशीच, न उचलता, कागदांसह, नव्वद हजारांना मागितली होती. आम्ही विकायची नाही म्हणून परत पाठवलं. वाटणीच्या वेळी मात्र भाव विचारला तो भंगारवाल्याला. आपांनी साडेदहा हजार हसत घेतले होते, कारण त्यांना दुसरी किंमत माहीतच नव्हती. जी गोष्ट माहीत नाही, तिला दिलेली संमती किती धरायची?

एका जुन्या गाडीच्या किमती तीन असतात, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. लोखंडाची, उभ्या गाडीची आणि दुरुस्त गाडीची. दुरुस्तीला आमचे एक लाख पंच्याऐंशी हजार लागले: इंजिनाला बासष्ट, पत्रा आणि रंगाला अठ्ठेचाळीस, टायरांना अठ्ठावीस, ब्रेक आणि हबला एकवीस, वायरिंग आणि बॅटरीला चौदा, करापोटी आणि कागदांना बारा. त्याने जी किंमत वाढली ती आमची, त्यावर कुणाचा दावा नाही, आपांनीही केला नाही. पण उभ्या गाडीची किंमत अब्बांची होती, म्हणजे तिघांची. नव्वद हजारांचे चोवीस भाग केले. भागाला तीन हजार सातशे पन्नास. आपांचे सव्वीस हजार दोनशे पन्नास झाले. दिलेले वजा जाता पंधरा हजार सातशे पन्नास देणं निघालं. अम्मींचं सहा हजार सातशे पन्नास. मुलासमोर वहीत हिशेब मांडला, कारण पहिला हिशेबही त्याच्यासमोरच मांडला होता. आपांनी पैसे मोजून घेतले, पर्समध्ये ठेवले आणि मग सही केली. आम्हाला वाटलं होतं, भावाला म्हणतील, राहू दे. नाही म्हणाल्या. बरं केलं.

अम्मींनी आपले पैसे मुलाला दिले. "माझे गुडघे दुखतात. मला चढायला पायरी कर." त्याच्या मनातल्या सगळ्या बदलांपैकी हा एक पुरा झाला: बॉडीच्या रुंदीत राहणारी, बोल्टाने बसणारी, केव्हाही काढता येणारी लोखंडी पायरी. शिवाय पुढच्या दोन जागांना सीटबेल्ट, वायरिंगला फ्यूजचा नवा डबा आणि मूळ मापाचेच टायर. एवढेच आमचे फेरफार. तपासणीत गाडी पास झाली. विमा उतरवला. त्यानंतरच रस्त्यावर आलो.

वाचकहो, तुमच्याही घरामागे अशी गाडी उभी असेल तर जरूर हाती घ्या. मुलांना घरात बसून जे शिकवता येत नाही ते गाडीखाली शिकवता येतं. पण क्रम लक्षात ठेवा. बोनेट उघडण्याआधी सगळ्या वारसांना, बहिणींना आधी, एकत्र बसवा. भाव भंगारवाल्याला नव्हे, गाडी घेणाऱ्याला विचारा, आणि तो सगळ्यांना सांगा. देणं चुकवून नाव बदलून घ्या. मग ब्रेक, मग स्टेअरिंग, मग दिवे, मग इंजिन, मग पत्रा. रंग सर्वांत शेवटी.

आमच्या जीपची डावी बाजू अजून रंगायची आहे. पावसाळा उलटला की करू, इन्शाअल्लाह. घाई नाही.